अठरा पॉइंट केले, पण चेंडू किती घालवले?

मॅच संपली की कोर्टच्या कडेला उभे असलेले आईवडील एकच विचारतात, "किती पॉइंट केले हिने?" उत्तर मी देते, पण तेवढ्यावर मुलीला जोखू देत नाही. बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांना चेंडू जवळपास सारख्याच वेळा मिळतो, कारण एकीने बास्केट केली की चेंडू दुसरीकडे जातो. म्हणून पॉइंटच्या शेजारी आणखी एक आकडा हवा: ते करायला तिने संघाचे किती चेंडू, म्हणजे आक्रमणाच्या किती संधी, खर्च केले. नाशिकला गंगापूर रोडजवळच्या एका शाळेत, उघड्या सिमेंटच्या कोर्टवर मी सतरा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. हा हिशेब पाटी-पेन्सिलवरही जमतो, ॲप लागत नाही.

अडचण सुरू होते ती अधिकृत स्कोअरशीटपासून. तिच्यावर पॉइंट, फाउल, टाइमआउट सगळं असतं, पण हुकलेला शॉट नसतो. चार शॉटमध्ये आठ पॉइंट करणारी आणि चौदा शॉटमध्ये आठ करणारी, दोघी तिथे सारख्याच दिसतात. त्यामुळे आपली वेगळी वही हवी. बेंचवरच्या एका मुलीला ती द्या आणि प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ ठेवा. आतला शॉट मारला की २, तीन पॉइंटच्या कमानीबाहेरचा मारला की ३ लिहायचं, आत गेला तर त्याभोवती गोल. फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या एका पॉइंटच्या मोकळ्या शॉटसाठी, टिंब, गेला तर त्यालाही गोल. टर्नओव्हरला, म्हणजे शॉट न मारताच चेंडू गमावला तर, ट. असिस्टला, म्हणजे जिच्या पासवर बास्केट झाली तिला, अ. आपल्याच संघाचा हुकलेला चेंडू पकडला तर आक्रमणातल्या रिबाउंडचा र. एक नियम तिला आधीच समजावून सांगा: शॉट मारताना फाउल झाला आणि शॉट हुकला, तर तो शॉट धरायचा नाही. गेला तर धरायचा.

आता आमच्या एका सराव सामन्याची वही उघडते. ७ नंबरच्या मुलीचे १८ पॉइंट. २० शॉटपैकी ७ गेले, त्यात कमानीबाहेरचे ६ पैकी १, फ्री थ्रो ४ पैकी ३, टर्नओव्हर ५. ११ नंबरचे १० पॉइंट. ७ पैकी ४ शॉट, सगळे आतले. फ्री थ्रो ४ पैकी २. टर्नओव्हर १, असिस्ट ५, आक्रमणातले रिबाउंड ४.

नुसती शॉटची टक्केवारी काढली तर तीन पॉइंटच्या शॉटवर अन्याय होतो आणि फ्री थ्रो हिशेबाबाहेर राहतात. म्हणून ट्रू शूटिंग काढा, म्हणजे या दोन्ही गोष्टी धरणारी नेमबाजीची टक्केवारी. एकूण शॉटमध्ये फ्री थ्रोची ०.४४ पट मिळवा, आलेल्या आकड्याची दुप्पट करा, आणि त्या दुपटीने पॉइंटना भागा. ०.४४ का? दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक चेंडू खर्च होतो, पण बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो वेगळा चेंडू खात नाही, म्हणून अर्ध्याहून थोडं कमी. हा आकडा मोठ्या व्यावसायिक सामन्यांच्या सरासरीवरून आलाय. तुमच्या वहीत प्रत्येक फाउल दिसत असेल तर खरे किती चेंडू गेले तेच मोजा, ते जास्त बरोबर.

सूत्र तपासायचं असेल तर नावाजलेले आकडे घ्या. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या कोबी ब्रायंटने १३ एप्रिल २०१६ च्या आपल्या शेवटच्या सामन्यात ६० पॉइंट केले, ५० शॉट आणि १२ फ्री थ्रो घेऊन. ट्रू शूटिंग येतं सुमारे ५४ टक्के. त्याच मोसमात स्टीफन करीने १५९८ शॉट आणि ४०० फ्री थ्रोमध्ये २३७५ पॉइंट केले, म्हणजे ६७ टक्के, आणि तेही एका रात्रीत नाही, अख्ख्या मोसमभर. कोबीची रात्र अविस्मरणीयच होती. पण संघाच्या हाती प्रत्येक चेंडूमागे काय पडलं, हे करीच्या आकड्यात दिसतं.

आमच्या ७ नंबरचं ट्रू शूटिंग ४१ टक्के, ११ नंबरचं ५७. त्यात टर्नओव्हरही मिळवा, कारण घालवलेला चेंडू म्हणजे न मारलेलाच शॉट. शॉट, फ्री थ्रोची ०.४४ पट आणि टर्नओव्हर यांची बेरीज म्हणजे तिने संपवलेले चेंडू. ७ नंबरने जवळपास २७ चेंडू संपवले, दर चेंडूमागे ०.६७ पॉइंट. ११ नंबरने १० पेक्षा किंचित कमी, दर चेंडूमागे १.०२.

इथेच घाई होते. "सातला बसवा, अकराला खेळवा" असं म्हणून मोकळे होऊ नका. त्या दिवशी संघाचे ४८ पॉइंट झाले. या दोघींना वगळलं तर बाकीच्यांनी जवळपास ४१ चेंडूंत २० पॉइंट केले, दर चेंडूमागे अर्धाही नाही. म्हणजे ७ नंबर संघाचा एक तृतीयांशाहून जास्त भार उचलत होती, आणि शॉट मारायला मिळणारे चोवीस सेकंद संपत आले की चेंडू तिच्याच हातात येत होता. पाच जणींत सरासरी वाटा वीस टक्क्यांचा असतो. एवढा जास्त वाटा उचलताना टक्केवारी खाली येतेच, आणि कमी वाटा असलेल्या मुलीची चांगली टक्केवारी वाटा वाढवल्यावर तशीच टिकेल याची खात्री नसते. टक्केवारी आणि वाटा नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

त्यापेक्षा ७ नंबरचे शॉट फोडून बघा. आतले १४ शॉट, ६ गेले, १२ पॉइंट. बाहेरचे ६ शॉट, ३ पॉइंट. आत तिला एका शॉटमागे ०.८६ मिळतात, बाहेर ०.५. दोष मुलीत नाही, शॉटच्या निवडीत आहे, आणि निवड शिकवता येते.

११ नंबरच्या आक्रमणातल्या ४ रिबाउंडचं मोल वरच्या कुठल्याच टक्केवारीत येत नाही. संपत आलेला चेंडू तिने चारदा परत मिळवून दिला. अमेरिकन विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी सामना ठरवणाऱ्या चार गोष्टी मांडल्या, त्यात नेमबाजी, टर्नओव्हर आणि फ्री थ्रोबरोबर आक्रमणातला रिबाउंडही आहे. असिस्ट लिहिताना कुणाला दिला तेही लिहा. ११ नंबरच्या पाचपैकी तीन असिस्ट ७ नंबरला होते, म्हणजे सातच्या चांगल्या शॉटचा बराचसा भाग अकराच्या पासातून आला. स्क्रीन लावून, म्हणजे विरोधी खेळाडूच्या वाटेत उभी राहून, दुसरीला मोकळं करणारी मुलगी मात्र या वहीत कुठेच येत नाही. तिच्यासाठी मी वेगळी खूण ठेवते, आणि निवडीच्या वेळी ती आधी बघते.

एका सामन्यावरून निकाल देऊ नका, हे मी फार आग्रहाने सांगते. जिचे मुळात ४० टक्के शॉट जातात, तिचे दहापैकी दोनही जातील आणि सहाही जातील. दहातल्या नऊ वेळा आकडा दोन ते सहा, हे दोन्ही धरून, यातच कुठेतरी पडतो. म्हणून शालेय स्पर्धेच्या निवडीआधी सगळ्या मोसमाची बेरीज घ्या. आणि कोर्ट कसं होतं तेही वरच्या कोपऱ्यात लिहा. पावसाळ्यात आमचं सिमेंट ओलं असतं, टर्नओव्हर वाढतात. जानेवारीत नाशिकची थंडी संध्याकाळी बोटं आखडवते, लांबचे शॉट रिंगच्या अलीकडेच पडतात. तो आकडा इनडोअर हॉलमधल्या आकड्यात मिसळला तर मुलीवर अन्याय होतो. थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन जणींचा सामना, खेळत असाल तर तिथे आतला शॉट एकाचा, बाहेरचा दोनाचा, म्हणून ट्रू शूटिंगचं हे सूत्र तिथे जसंच्या तसं वापरू नका. सरळ दर चेंडूमागचे पॉइंट काढा.

सध्या सरावात ७ नंबरला पहिल्या पंधरा सेकंदांत बाहेरून शॉट मारायचा नाही, आणि ११ नंबरला फ्री थ्रो लाइनजवळ चेंडू देऊन आक्रमण तिथून सुरू करायचं. तिचा वाटा वाढल्यावर ते १.०२ कितीवर येतात, हे पुढच्या सामन्यांच्या वहीत बघायचं आहे.