जर्किन आतून भिजतंय? ‘स्मार्ट’ कापडाच्या या चुका टाळा

पन्हाळा-पावनखिंड करून आलेल्या पोरांची जुलैतली ठरलेली तक्रार: ‘एवढं महागाचं जर्किन, तरी आतून चिंब!’ खापर फुटतं दुकानदारावर. बघायला गेलं तर बहुतेकदा कापडाला भोकबिक काही नसतं.

अशा जर्किनात दोन थरांची दोन कामं असतात. आतला पातळ पडदा पाणी अडवतो आणि वाफ बाहेर सोडतो. गोर-टेक्स या ब्रँडचा असा मूळ पडदा म्हणजे ताणलेलं टेफ्लॉन. बॉब गोर यांना ते १९६९ मध्ये साधलं. बाहेरच्या कापडावर पाणी न धरणारं फिनिश असतं. हे फिनिश गेलं की कापड पाणी पितं, वाफेची वाट तुंबते आणि आपलाच घाम आत साचतो. आपल्याला वाटतं, गळतंय.

खांद्यावर चमचाभर पाणी टाकून बघा. थेंब घरंगळले तर फिनिश शाबूत आहे. काळपट डाग पसरला तर आधी धुण्याकडे बघा. कपडा ओला करणं हा साबणाचा गुणच. तो कापडात उरला की पुढच्या पावसात पाणी ओढतो. सॉफ्टनरचा थर तर त्याहून वाईट. थोडा लिक्विड साबण घ्या, दोनदा खळबळून काढा, वाळवा. लेबलवर परवानगी असेल तर वर सुती फडकं ठेवून कमी आचेवर इस्त्री फिरवा, उष्णतेने फिनिश पुन्हा जागं होतं. तरीही डाग पसरला तर फवारा मारायचं फिनिश मिळतं, ते मारा.

एक मात्र कबूल करावं लागतं. वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो. गगनबावड्याच्या पावसात बाहेरची हवा आधीच दमट, तिथे ‘ब्रीदेबल’चा टॅग फार कामाचा नाही. चढावर काखेतली झिप उघडा. आणि घरी आल्यावर ओलं जर्किन बॅगेत कोंबून ठेवू नका. स्वस्तातल्या पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं दमटपणाने विघटन होतं; पुढच्या पावसाळ्यात ते चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतं.

‘थंडावा देणारे’ बनियन, उशांचे अभ्रे यांची गंमत वेगळी. त्यातल्या काहींत मेणासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म कुप्या असतात. असाच एक पदार्थ, ऑक्टाडेकेन, साधारण २८ अंशांना वितळतं आणि वितळताना अंगाची उष्णता शोषतं. सगळं वितळलं की काम संपलं! मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असेल तर ते पुन्हा गोठणार कधी? त्याला पंख्याचा पर्याय समजणं ही चूक. एसी ऑफिसातून उन्हात ये-जा करणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग आहे.

रंग बदलणारे टी-शर्ट उन्हात वाळत घालू नका, तो रंग उन्हाने मरतो. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांच्या कपड्यांना ब्लीच लावू नका.

इचलकरंजीतल्या कुणी नमुन्यादाखल कार्बनचं सूत मागावर चढवणार असेल तर त्यांना एकच सांगणं: त्याचे तुटलेले बारीक तंतू हवेत उडतात आणि त्यांतून वीज वाहते. कंट्रोल पॅनेलचं दार सताड उघडं ठेवून ट्रायल घेतली तर शॉर्ट सर्किट व्हायला वेळ लागत नाही. आधी पॅनेल नीट बंद करा, मगच माग सुरू करा.