ध्रुवीकृत रामन मापनाआधी ग्रेटिंगचा पक्षपात दूर करा
जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत स्फटिकांचे ध्रुवीकृत रामन वर्णपट (ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या लेसर प्रकाशाच्या विखुरण्याचा आलेख) घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी, विश्लेषक (एकाच दिशेचे ध्रुवीकरण पुढे जाऊ देणारा फिल्टर) फिरवल्यावर शिखराची उंची बदलली म्हणजे तो गुण नमुन्याचाच, असे लगेच मानू नये. कारण ग्रेटिंग (वर्णपटमापीतील, प्रकाश रंगांनुसार वेगळा करणारी बारीक रेघांची पट्टी) दोन्ही ध्रुवीकरणांचा प्रकाश सारख्या प्रमाणात पुढे पाठवत नाही. त्यासाठी विश्लेषकानंतर, वर्णपटमापीच्या फटीच्या अगोदर, स्क्रॅम्बलर (प्रकाशाचे ध्रुवीकरण विस्कटून टाकणारा घटक) बसवावा. मग सीलबंद क्युव्हेटमधील (मोजणीच्या पारदर्शक कुपीतील) कार्बन टेट्राक्लोराइड मोजावे (ते विषारी आहे, क्युव्हेट मुळीच उघडू नये). प्रति सेंटिमीटर २१८ आणि ३१४ या रेषांचे लंब-समांतर गुणोत्तर (विश्लेषक लंब असतानाची तीव्रता भागिले समांतर असतानाची) ०.७५ च्या आसपास यायला हवे आणि ४५९ ची ठसठशीत रेषा लंब स्थितीत जवळजवळ मावळायला हवी. ती रेंगाळलीच, तर कमी संख्यात्मक छिद्राचे (म्हणजे प्रकाश कमी रुंद कोनात एकवटणारे) वस्तुभिंग लावून पुन्हा मोजावे, कारण तीव्र केंद्रीकरणात ध्रुवीकरण मिसळते.