तुरट ते सगळं औषध नव्हे: चहा, आवळा आणि टॅनिनच्या बाबतीत या चुका टाळा

एक कप कोरा, कडक चहा करा. लोहाच्या गोळीचं रंगीत कवच खरवडून आतली पूड त्यात टाका, ढवळा आणि थोडा वेळ थांबा. कपात काळी शाई होते, टाक बुडवून रेघ ओढता येईल अशी. पूर्वी दौतीत भरायची शाई हिरडा आणि हिराकस यांचीच करत. हिरड्यात टॅनिन, म्हणजे चहा-आवळ्याला तुरटपणा देणारं द्रव्य, आणि हिराकशीत लोह. गोळीतलं फेरस सल्फेट म्हणजे शुद्ध केलेली हिराकसच.

रामबागेपासून सुदामानगरापर्यंत इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत हा प्रयोग रोज सकाळी कपाऐवजी पोटात होतो. वर "गोळ्या लागूच पडत नाहीत" ही तक्रार आहेच.

टॅनिनवरच्या लेखांत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द दहा वेळा येतो, ‘चिकटतं’ हा एकदाही येत नाही. टॅनिनचा मूळ स्वभाव चिकटण्याचा. अर्धकच्चं जांभूळ चावलं की जीभ खरखरीत होते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. बाभळीच्या सालीने चामडं कमावतात तेही हेच, कातड्यातल्या प्रथिनांना धरणं. आतड्यात पोचलं की ते लोहाला धरतं. गुण आणि खोड दोन्ही एकाच स्वभावातून येतात. म्हणून किती घ्यायचं आणि कधी घ्यायचं हे न विचारता आवळारसाची बाटली तोंडाला लावणाऱ्यांचं काही खरं नसतं.

पोह्यांवर लगेच चहा

ही चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी. पोह्यांत लोह असतं, पण ते वनस्पतीतलं, आधीच कसंबसं शोषलं जाणारं. त्यावर पाच मिनिटांत कडक चहा गेला की उरलंसुरलंही बांधलं जातं. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पावाच्या न्याहारीबरोबर वेगवेगळी पेयं देऊन हे मोजलं. काळ्या चहाने लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. चहात दूध घातलं तरी फारसा फरक पडला नाही. "आमचा चहा दुधाचा असतो हो" हा युक्तिवाद तिथेच संपतो. हर्बल म्हणून सुटका नाही, पुदिन्याचा चहा आणि कोकोही त्याच रांगेत निघाले.

लोकमान्यनगरातल्या एका घरातली गोष्ट सांगण्यासारखी आहे. घरातल्या सूनबाईंचं हिमोग्लोबिन ९.१. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी आकडा ९.३. सासूबाई म्हणाल्या, "गोळीच खोटी असेल, कंपनी बदल." कंपनी बदलली. मग सिरप आलं, मग बिटाचा रस, मग खजूर, मग लोखंडी कढई. घरात लोहाची जत्राच भरली, आकडा मात्र जागचा हलेना. पोटात जंत नव्हते, रक्तस्राव नव्हता, बाकीचे रिपोर्ट ठीक होते. शेवटी कोणीतरी विचारलं, "गोळी घेता कधी?" तर सकाळी आठला, पोह्यांनंतर, चहाच्या घोटाबरोबर, कारण "पाण्याबरोबर घेतली की मळमळतं". इतके महिने त्या शाईच पीत होत्या. पोह्यांवरचा चहा साडेनऊला ढकलला. गोळी साडेअकराला आली, पाण्याबरोबर, वर पेरूच्या चार फोडी. मळमळीवरही पेरूच उपयोगी पडला. दोन महिन्यांत आकडा अकराच्या पुढे गेला. या वेळी कंपनी तीच.

यातला हिशेब पाठ करून ठेवावा. जेवण किंवा न्याहारी आणि चहा यांत किमान एक तास. लोहाची गोळी आणि चहा-कॉफी यांत दोन्ही बाजूंनी दोन तास. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीच नाही. ‘क’ जीवनसत्त्व टॅनिनची पकड सैल करतं, पण इथेही आपण स्वतःला फसवतो. पोह्यांवर पिळलेल्या लिंबाच्या फोडीतून चमचाभर रस निघतो आणि त्यात जेमतेम पाच-सहा मिलिग्रॅम ‘क’ असतं. १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर असतं. लिंबू चवीसाठी पिळा, जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) हवं तितकं भुरभुरा, पण लोहासाठी पेरू खा.

हे सगळ्यांना सारखं लागू नाही. गर्भवती, पाळी सुरू असलेल्या बायका-मुली आणि लहान मुलं यांनी तास पाळायचाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ म्हणण्याआधी एकदा तपासून घ्या. हिमोग्लोबिन १५ असलेल्या काकांनी पोह्यांबरोबर चहा घेतला तर आभाळ कोसळत नाही. आणि ज्यांच्या अंगात लोह साचतं, उदाहरणार्थ थॅलेसेमियाचे काही रुग्ण, त्यांना डॉक्टर कधी कधी जेवणाबरोबरच चहा घ्यायला सांगतात. तिथे हीच खोड कामाला येते.

घट्ट अर्क म्हणजे जास्त गुण

अधीर लोकांची ही लाडकी चूक. ग्रीन टीचा एक कप बरा, मग दहा कपांचा अर्क एका कॅप्सूलमध्ये दहापट बरा, असं गणित मांडतात. यकृताला हे गणित मान्य नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सांगितलं की पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, टॅनिनच्याच कुळातलं द्रव्य) घेतलं तर यकृताची एन्झाइम्स वाढताना दिसतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण. साध्या पद्धतीने भिजवून चहा पिणाऱ्याच्या पोटात दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. उपाशीपोटी घेतलेला अर्क रक्तात आणखी जोरात चढतो, आणि वजन कमी करणारी मंडळी नेमका उपाशीपोटीच घेतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की गोळी बंद आणि थेट डॉक्टर. ‘डिटॉक्स होतंय’ म्हणून वाट बघू नये.

हळदीचंही तसंच. हळदीतलं कर्क्युमिन अंगात मुरत नाही म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८ च्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन (मिऱ्यातलं तिखट द्रव्य) दिल्यावर रक्तातली उपलब्धता वीस पट वाढली. जाहिरातीत एवढंच येतं. तेच पायपरिन फेनिटॉइनसारख्या फिटीच्या औषधांची रक्तातली पातळीही वाढवतं, हे येत नाही. फिटीची औषधं चालू असतील तर आमटीतली हळद-मिरी पुरे.

मुळात घाई कशाची? आवळा, हिरडा, डाळिंब यांतली मोठ्या रेणूंची टॅनिनं जशीच्या तशी रक्तात जातच नाहीत. ती मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू ती तोडतात आणि युरोलिथिनसारखे छोटे रेणू बनवतात. हे जीवाणू सगळ्यांकडे सारखे नसतात, म्हणून शेजारणीला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. पंधरा दिवस आवळारस पिऊन ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी आणि त्याच पंधरा दिवसांत मधुमेहाची गोळी सोडणाऱ्यांनी आधी हे वाचावं. दुसऱ्या प्रकारच्या लोकांची जास्त काळजी वाटते. जांभळाच्या बियांची पूड खा, पण मधुमेहाची गोळी डॉक्टर म्हणतील तेव्हाच बंद.

आमच्या मते थंडीत रोज एक ताजा आवळा, मिठाबरोबर चावून, जेवणातच. बाटली नको.

ग्रीन टी पातेल्यात उकळणं

कडू काढा होतो आणि मग त्यात मध ओतावा लागतो. २०० मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, म्हणजे सपाट चमचाभर. पाणी उकळलं की गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, ८० अंशांच्या आसपास आलं की पत्ती टाका, दोन-तीन मिनिटांत गाळा. वाफाळता घोट घेण्यात बहादुरी नाही: ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली जाहीर केलं आहे.

बोरिंगच्या जड पाण्यात चहावर तेलकट तवंग येतो. ते तेल नव्हे, पाण्यातला चुना आणि चहातली पॉलिफेनॉलं (टॅनिनं त्यांतलीच) यांची साय आहे. दोन थेंब लिंबू पिळा, जाते.

सुपारीलाही ‘तुरट, म्हणून पाचक’ म्हणणं

इथे चेष्टा नाही. सुपारीत भरपूर टॅनिन असतं आणि अरेकोलिन हे तरतरी आणणारं द्रव्य असतं. दोन्ही मिळून गालाच्या आतल्या पडद्यातलं कोलॅजन (कातड्यात असतं तेच प्रथिन) घट्ट करतात, म्हणजे तोंडातच चामडं कमावलं जातं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होत जातं. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारकच, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने २००४ साली छापलं आहे. पानातल्या कातातही टॅनिन. ‘कॅटेचिन’ हे नाव या कातावरूनच आलं, पण तेवढ्याने काही विडा ग्रीन टी होत नाही. जेवणानंतर बडीशेप घ्या. आरशासमोर तोंड उघडून बघा, उभी तीन बोटं आत जात नसतील तर दंतवैद्याकडे जा.

बाकीच्या चुका झटपट. कांदा सोलताना गुलाबी, जाड बाहेरची पाकळी फेकू नका, क्वेरसेटिन हे अँटिऑक्सिडंट तिच्यातच जास्त असतं. सफरचंद सालीसकट. कोकोच्या डब्यावर अल्कलीची प्रक्रिया लिहिली असेल तर रंग गडद, फ्लॅव्हॅनॉल (कॅटेचिनच्या जातीची द्रव्यं) कमी. मूतखडा झालेल्यांनी काळ्या चहाचे पेले मोजावेत, त्यात खडे बनवणारं ऑक्सलेट असतं.

आणि लोखंडी कढई. आवळ्याची चटणी, मोरावळा, चिंचगुळाची आमटी तिच्यात करून रात्रभर ठेवू नका. आवळा सकाळी काळाकुट्ट होतो. विषारी नसतो, पण आवळ्याचं टॅनिन कढईच्या लोहाला धरून बसलेलं असतं, चव धातूची होते आणि ते लोह अंगी लागण्याची आशाही फारशी नसते. आवळ्याला स्टील, नाहीतर चिनी मातीची बरणी. लोखंडी कढईत टोमॅटो घातलेली पालकाची भाजी करा, आणि झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. काळा पडलेला आवळा आधीच हातात असेल तर वाटून केसांना लावा, आजी तेच करायची.