कोहळ्याच्या वेलाला फुलं आल्यावर खत कधी नि किती द्यायचं

आपल्या नागपूरकडं कोहळं लावणारे बरेच जण एकच चूक करतात, वेल जोरात पळाला की खुश होऊन अजून युरिया टाकतात, मग नुसती पानं नि नर फुलं येतात, फळ काही धरत नाही. युरिया द्यायचाच तर वेल पसरायला लागला की वेलामागं 10 ग्रॅम, बुडापासून वीतभर लांब, आणि पहिली कळी दिसली की बंद म्हणजे बंद!

आधी नर फुलंच येतात, घाबरू नका. मादी फुलाखाली छोटं कोहळं असतं. सकाळी 6 ते 9 मध्ये नर फुलाची पाकळी काढून परागकण मादीवर हलकेच लावा. या दिवसांत 0:52:34 (पाण्यात विरघळणारं स्फुरद-पालाशचं खत) लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम टाकून फवारा, पण संध्याकाळीच, सकाळी मधमाश्या असतात ना, त्यांना त्रास नको.

फळ लिंबाएवढं झालं, पिवळं पडून गळलं नाही, मगच दोन ओंजळी गांडूळखत आणि 15 दिवसांनी 0:0:50 (नुसतं पालाशचं खत) तसंच लिटरला 5 ग्रॅम फवारा. काळ्या मातीत पाणी बेतानंच द्या बरं, ओल टिकते तिच्यात.