हॅन्डीकॅमवर वादळ शूट करताय? आधी फोकस लॉक करा

एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून आलं की आपल्याकडे सगळेच व्हिडिओ काढतात, आणि गंमत म्हणजे ज्यांच्याकडे चांगला ३० पट झूमवाला हॅन्डीकॅम असतो त्यांचेच व्हिडिओ जास्त धूसर निघतात. मग कोणीतरी सांगतं की कॅमेरा बदला. काही बदलायची गरज नाही, साध्या हॅन्डीकॅमवर ढगाची कड, गारांचा पांढरा पट्टा, ईज सगळं शार्प येतं, फक्त ऑटोफोकसच्या भरवशावर राहायचं नाही.

ऑटोफोकस काहून फसतो ते एकदा समजून घ्या. बहुतेक घरगुती कॅमेरे चित्रात कडा शोधतात आणि कडा जिथे ठळक दिसेल तिथे फोकस थांबवतात. राखाडी ढगाला कड कुठून आणायची? मग लेन्स मागेपुढे, मागेपुढे होत राहते, तेवढ्यात वीज चमकते, उजेड एकदम बदलतो आणि शोधाशोध पुन्हा सुरू. समोरून पाऊस आला की ऑटोफोकस जवळच्या थेंबांना धरून बसतो.

तयारीचं थोडक्यात. ट्रायपॉड लावा, डिजिटल झूम बंद करा, ट्रायपॉडवर असाल तर स्टेबिलायझर (हाताचा हलका सावरणारी सोय) पण बंद. कॅमेरा कूलरच्या किंवा एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते, अर्धा तास आधी पिशवीसकट बाहेर ठेवा.

जागा: पक्क्या घराची खिडकी किंवा काचा वर केलेली पत्र्याच्या टपाची गाडी. वावरात, धुऱ्यावरच्या झाडाखाली, उघड्या टिनाच्या शेडमध्ये ट्रायपॉड लावून उभं राहायचं नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे ती १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा आत जायचं. मोबाईलमध्ये 'दामिनी' ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा देतं.

आता फोकस लॉक करणं. माझा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीनं खाल्ला आहे म्हणून सावकाश सांगतो.

सगळीकडे एकच सल्ला मिळतो: मॅन्युअल फोकस करा, डोंगराचं चिन्ह येईपर्यंत न्या, झालं. तसं करू नका. डोंगराचं चिन्ह म्हणजे फोकसचा शेवट, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्स खऱ्या इन्फिनिटीच्या, म्हणजे खूप लांबचं शार्प दिसतं त्या जागेच्या, थोडी पुढेच जाते. ती जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण उन्हानं लेन्सची मापं किंचित हलतात आणि ऑटोफोकसलाही शार्प जागा ओलांडून परत यावं लागतं. शेवटापर्यंत नेलं तर वाइडला, म्हणजे झूम न करता, कदाचित लक्षात येणार नाही, पण झूम केलं की ढगाची कड कापसासारखी दिसते.

बरोबर पद्धत अशी. वादळ यायच्या आधी, उजेड असताना, लांबची ठळक कड असलेली वस्तू निवडा. मोबाईल टॉवर, हायटेन्शन लाईनचा टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस. कोराडी किंवा चंद्रपूरच्या बाजूला राहत असाल तर थर्मल वीज केंद्राच्या चिमण्यांसारखं टार्गेट नाही. अंतर किमान ५०० मीटर पाहिजे, किलोमीटर असेल तर अजून चांगलं, आणि अंदाजानं ठरवू नका, गुगल मॅपवर मोजा. शेजारच्या घरावरच्या डिशवर फोकस करून ढग शूट करणारे लोक आहेत. हॅन्डीकॅमचा सेन्सर नखाएवढाही नसतो म्हणून वाइडला एक-दोन मीटरच्या पुढचं सगळंच चालून जातं, पण पूर्ण झूमला हिशोब उलटा होतो, तिथे दोनशे मीटरवरचं टार्गेट म्हणजे इन्फिनिटी नाही.

मग ऑप्टिकल झूम पूर्ण आत घ्या, टॉवरच्या लोखंडी पट्ट्या स्क्रीनभर दिसू द्या, आणि आधी ऑटोवरच कॅमेऱ्याला फोकस करू द्या, कारण उजेडात ठळक कडेवर तो हे काम चांगलं करतो. तो थांबला की मेनूतून मॅन्युअल करा. आता दूरच्या बाजूला एक-एक टप्पा सरका, चित्र बिघडू द्या, मग परत या, जवळच्या बाजूला पण बिघडू द्या, आणि दोन्ही बिघाडांच्या मधे थांबा. छोट्या स्क्रीनवर 'आता शार्प आहे' हे डोळ्याला नीट कळत नाही, 'आता बिघडलं' हे मात्र पटकन कळतं, म्हणून बिघाडावरून मधली जागा काढायची. कॅमेऱ्यात फोकस मोठा करून दाखवायची किंवा कडा रंगवून दाखवायची सोय असेल तर ती वापरा. त्यानंतर झूम बाहेर काढून पाहिजे ती फ्रेम घ्या. उलटं करायचं नाही, वाइडला लॉक करून नंतर झूम केलं तर वाइडला लपलेली चूक झूममध्ये बाहेर येते.

इथे आपल्याकडची एक अडचण कोणी सांगत नाही. भर दुपारी जमिनीवरून झळा निघतात आणि लांबचा टॉवर पाण्यात असल्यासारखा नाचतो, त्याच्यावर कितीही घासाघीस करा, फोकस नक्की होणार नाही. थांबा. ढगाची सावली वावरांवर सरकली की झळा कमी होतात, तेव्हा लॉक करा. आणि वादळाच्या आधीचा गार वारा आला, पारा एकदम उतरला की टॉवरवर पुन्हा एकदा तपासा, फोकस थोडासा हललेला असू शकतो.

रात्रीचं वादळ असेल तर अजून घाई पाहिजे. पहिल्या वाऱ्यातच लाईन जाते आणि लांबच्या गावाचे दिवे, पेट्रोल पंप सगळं गायब. लाईन आहे तोवर लांबच्या दिव्यावर लॉक करून घ्या, दिवा सगळ्यात बारीक ठिपका दिसेल ती जागा बरोबर. लाईन गेलीच तर मोबाईल टॉवरवरचा लाल दिवा शोधा.

लॉक झाल्यावर कॅमेऱ्याला हात कमी लावा. बऱ्याच हॅन्डीकॅममध्ये स्क्रीन मिटली की कॅमेरा बंद होतो आणि चालू केल्यावर गडी परत ऑटोवर, म्हणून बॅटरी वाचवायला स्क्रीन मिटू नका, बॅटरी आधीच पूर्ण भरून ठेवा.

ज्यांच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल फोकस नाहीच त्यांनी मेनूतल्या सीन मोडमध्ये जाऊन लँडस्केप निवडा. कॅमेरा लांबचंच बघतो, खिडकीच्या काचेला किंवा जाळीला सहसा धरत नाही. मॅन्युअलइतकं पक्कं नाही, पण ऑटोपेक्षा शंभरदा बरं.

गाडीच्या काचेतून घेत असाल तर काच दोन्ही बाजूंनी पुसा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, आणि एकदम वाइड राहू नका. थोडा झूम आत घेतला की काचेवरचे थेंब विरघळून दिसेनासे होतात.

बाकी दोन सेटिंग. शटर १/५० सेकंदावर पक्कं करा आणि ऑटो स्लो शटर बंद करा, नाहीतर अंधार पडला की कॅमेरा शटर आपोआप संथ करतो, वाऱ्यात हलणारी झाडं फासल्यासारखी पुसट दिसतात आणि लोक म्हणतात फोकस गेला. एक्सपोजर पण मॅन्युअल ठेवा म्हणजे विजेच्या उजेडानं फ्रेम दबत नाही.

नंतर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून काही डिलीट करू नका, टीव्हीवर लावा. जवळचं झाड शार्प आणि लांबचा टॉवर मऊ असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं असेल तर ट्रायपॉड हलला किंवा शटर संथ होतं. टॉवर शार्प आहे आणि फक्त पावसामागचं गाव धूसर आहे तर फोकस ठीक आहे, तो पाऊसच तेवढा दाट होता, एडिटिंगमध्ये शार्पनेस वाढवत बसू नका, नुसते दाणे वर येतात.