एचआयव्हीच्या कामात नवीन आलात? एमओयूच्या आधी रेफरल स्लिप बघा

एमएसडब्ल्यू करून एचआयव्हीच्या प्रोजेक्टला लागलेली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न ठरलेला, संस्थांची पार्टनरशिप म्हणजे नक्की काय असतं. एमओयू म्हणजे लेखी करार असतो, सह्या असतात, ठीक आहे, पण तुम्ही आधी रेफरल स्लिपचं काय होतं ते बघा.

टीआयची, म्हणजे जास्त जोखमीच्या लोकांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रोजेक्टची, ओआरडब्ल्यू (आउटरीच वर्कर) वस्तीत जाते, देहविक्रीच्या धंद्यातल्या बाईला एचआयव्ही टेस्टसाठी स्लिप देते आणि रिपोर्टमध्ये "रेफर केले" असा आकडा जातो. पुढे ती बाई आयसीटीसीला, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि टेस्टच्या केंद्राला, पोचली का, पॉझिटिव्ह आली तर एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरला नोंद झाली का, गोळ्या संपल्यावर परत आली का, हे माहीत असणारी माणसं वेगवेगळ्या ऑफिसांत बसतात. त्यात आयसीटीसी चालू असतं सकाळी आणि रात्रभर धंदा करून आलेली बाई तेव्हा झोपलेली, मग स्लिप उशीखालीच राहते. आमच्याकडे उपयोग झाला तो पीअर बाईने, म्हणजे धंद्यातल्याच कार्यकर्तीने, सोबत जाण्याचा, काउन्सेलरला आधी फोन करून ठेवण्याचा, आणि दर महिन्याला सगळ्यांनी एकत्र बसून याद्या जुळवण्याचा. या मीटिंगला नवीन माणसाने बसावंच. गोळ्या कुणाच्या सुटल्या हे रजिस्टर सांगतं, पण ती ऊसतोडीला गेली, की सासरी कळलं म्हणून माहेरी आली, हे तिथेच कळतं.

याद्या जुळवायच्या तर संमती घेऊनच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तो नीट वाचून घ्या. यादीचा फोटो व्हॉट्सअपवर कधीच टाकायचा नाही, सीनियरने घाई केली तरी नाही.

आता रिसर्चमधल्या पार्टनरशिपचं. एचपीटीएन ०५२ ही ट्रायल ९ देशांत झाली, १७६३ जोडपी, दोघांतला एक पॉझिटिव्ह, आणि पुण्यातलं नारी (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) त्यातलं एक केंद्र होतं. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते हे २०११ मध्ये कळलं, आणि आज टेस्ट पॉझिटिव्ह आली की सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे याची वाट न बघता औषध सुरू होतं त्यामागे हा पुरावा आहे. पण अशा ट्रायलमध्ये जोडपी वर्षानुवर्षं टिकतात ती विश्वासावर, आणि तो वस्तीतल्या माणसांनी मिळवलेला असतो. मला मनापासून खटकतं ते हे, की बरेचदा प्रोटोकॉल (संशोधनाचा आराखडा) पूर्ण झाल्यावर, सॅम्पल कमी पडतंय म्हणून सीबीओला, म्हणजे वस्तीतल्या लोकांच्या संघटनेला, फोन येतो. एका सर्व्हेत आमच्या बायकांनी तासन्‌तास उत्तरं दिली आणि निष्कर्ष सांगायला कोणी फिरकलं नाही, पुढच्या वेळी त्यांनी दारातूनच नाही म्हटलं आणि ते अगदी बरोबर होतं.

सांगलीची संग्राम ही संस्था १९९२ पासूनची, धंद्यातल्या बायकांनीच तिथे कंडोमवाटप हातात घेतलं आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची व्हॅम्प ही संघटना उभी राहिली. अशी संघटना असली की संशोधकाला आधी तिच्याशी बोलावं लागतं. तुमच्या संस्थेकडे प्रपोजल आलं तर डेटा कोणाकडे राहणार, पीअरचं मानधन बजेटमध्ये आहे का आणि निष्कर्ष मराठीत वस्तीत कधी सांगणार, हे लेखी घ्या.

ग्रांट उशिरा येते, पगार लांबतात, हे धरून चला. इंटरव्ह्यूतच विचारा की ग्रांट अडकली तर पीअरचं मानधन कुठून देता, याचं सरळ उत्तर मिळालं तर जॉइन व्हा.