एएच्या पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडायची आहे, पण एकट्याने जमत नाही? मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगला जाऊन बसा. जवळची मीटिंग सापडत नसेल तर १४४४६ या मोफत सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. सोबत घरचं कुणी येणार असेल तर ‘ओपन’ मीटिंग आहे ना, तेवढं आधी बघा. ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे, त्यांनाही तो हवाच असतो.

फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. आडनाव सांगावं लागत नाही आणि ‘आज फक्त ऐकतो’ म्हणालात तरी चालतं. मात्र संपल्यावर लगेच सटकू नका. थांबून दोघा-तिघा जुन्या सभासदांचे नंबर घ्या. तलफ आली की पहिल्या घोटाआधी फोन करायचा तो त्यांनाच. एक गट रुचला नाही तर दुसरा बघा.

आणि हे फार महत्त्वाचं: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. औषधं चालू असतानाही मीटिंगला जाता येतं.